दुपारी चार वाजता निघणारा कृमी

1902 साली लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांच्याकडे एक इंग्रज रुग्ण आला. माणूस बरीच वर्षे वेस्ट इंडीजमध्ये राहिलेला होता. त्याच्या शौचात सूक्ष्मदर्शकाखाली एका कृमीची अंडी दिसली आणि प्रत्येक अंड्याच्या कुशीला एक काटा होता. आफ्रिकेतल्या बिल्हार्झिया रोगाची अंडी मॅन्सन यांच्या ओळखीची होती. ती लघवीत सापडतात आणि त्यांचा काटा टोकाला असतो. या रुग्णाच्या लघवीत मात्र काहीच नव्हते. मॅन्सन यांनी शंका नोंदवून ठेवली: कदाचित हा कृमीच वेगळा असेल. हत्तीरोगाचे कृमी डासांच्या अंगात वाढतात हे ज्यांनी आधी दाखवले, रोनाल्ड रॉस यांना ज्यांनी हिवतापाच्या मागावर लावले, त्या माणसाची ही शंका होती. पाच वर्षांनी लुई सॅम्बन यांनी या कृमीला त्यांचेच नाव दिले: शिस्टोसोमा मॅन्सोनी.

नाव मिळाले, पण एक प्रश्न तसाच राहिला. हा आफ्रिकेचा कृमी अटलांटिक ओलांडून वेस्ट इंडीजमध्ये पोचला कसा? आणि तिथे पोचल्यावर तो ज्या प्राण्याच्या अंगात जाऊन बसला, त्याची दखल घ्यायला विज्ञानाला इतका उशीर का लागला? ही गोष्ट मुख्यतः ग्वाडलूप नावाच्या एका फ्रेंच बेटाची आहे, आणि तिच्यात माणूस, गोगलगाय आणि उंदीर हे तिघेही सारखेच महत्त्वाचे आहेत.

कोलंबस 1493 च्या नोव्हेंबरात ग्वाडलूपला लागला. 1635 मध्ये फ्रेंचांनी तिथे वसाहत केली आणि थोड्याच वर्षांत बेटावर उसाचे मळे उभे राहिले. उसाला माणसे लागतात, फार लागतात. ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पकडून, विकत घेऊन, जहाजाच्या तळाशी साखळदंडात बांधून आणली गेली. अटलांटिकच्या या व्यापारात एकूण सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांवर चढवली गेली आणि त्यांतली एक कोटी सात लाखांच्या आसपास जिवंत उतरली. बाकीची समुद्राच्या तळाशी गेली. क्रांतीच्या काळात, 1794 मध्ये, फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली; नेपोलियनच्या राजवटीत 1802 मध्ये ती पुन्हा लादली गेली; आणि 1848 मध्ये ती कायमची संपली. त्यानंतर मळेवाल्यांनी मजुरांसाठी हिंदुस्थानकडे पाहिले. 1854 पासून 1889 पर्यंत सुमारे 42,000 हिंदी माणसे करारावर ग्वाडलूपला नेली गेली. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत.

गुलामांच्या जहाजांतल्या आफ्रिकी माणसांच्या रक्तात कृमी होते. हा कृमी चपटकृमींच्या कुळातला असला तरी दिसायला दोऱ्यासारखा, जेमतेम सेंटीमीटरभर लांब. आतड्यातून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरांमध्ये तो राहतो. नराच्या अंगाला लांबलचक पन्हळ असते आणि त्या पन्हळीत बारीक मादी आयुष्यभर राहते. ती दिवसाला शेकड्यांनी अंडी घालते. काही अंडी आतड्याची भिंत भेदून शौचाबरोबर बाहेर पडतात. बाकीची रक्ताबरोबर वाहत जाऊन यकृतात रुततात. रोग होतो तो या रुतलेल्या अंड्यांमुळे. प्रत्येक अंड्याभोवती गाठ धरते, वर्षानुवर्षे यकृत निबर होत जाते, पोटात पाणी साठते, अन्ननलिकेच्या शिरा फुगून फुटतात आणि माणूस रक्ताच्या उलट्या होऊन जातो. कृमीची जोडी माणसाच्या शरीरात वर्षानुवर्षे जगते, त्यामुळे काही आठवड्यांच्या समुद्रप्रवासात तिचे काहीच बिघडत नाही. माणसे उपासमारीने, हगवणीने, माराने मेली. जी जगली त्यांच्याबरोबर कृमीही उतरला.

उतरला, पण एवढ्याने भागत नाही. अंडे गोड्या पाण्यात पडले की त्यातून केसाळ अळी बाहेर येते. तिच्या हातात काही तासच असतात. तेवढ्यात ठरावीक जातीची पाणगोगलगाय सापडली नाही तर ती मरते. गुलामांच्या जहाजांतून दोन्ही बिल्हार्झिया आले असणार, लघवीतला आणि आतड्यातला. लघवीतल्या कृमीला बुलिनस जातीची गोगलगाय लागते. ती अमेरिका खंडात नव्हती, म्हणून तो कृमी तिथे कधीच रुजला नाही. आतड्यातल्या कृमीला बायोम्फालारिया लागते आणि कॅरिबियन बेटांवरच्या डबक्यांत, ओढ्यांत, कालव्यांत बायोम्फालारिया ग्लाब्राटा नावाची पेढ्यासारखी चपटी, गुंडाळलेल्या शंखाची गोगलगाय होती. अगदी परक्या मुलुखात कृमीला घर इतक्या सहज कसे मिळाले? याचे उत्तर अलीकडे डीएनएच्या तपासणीने दिले. बायोम्फालारियाचे मूळ घर दक्षिण अमेरिका आहे. गेल्या पन्नास लाख वर्षांत कधीतरी ती आफ्रिकेत पोचली, पाणपक्ष्यांच्या पायाला चिकटून किंवा तरंगत्या गवताबरोबर, आणि तिथे तिच्या निरनिराळ्या जाती झाल्या. आफ्रिकेत कृमी ज्या गोगलगायींत वाढला त्यांचे पूर्वज अमेरिकेतले होते. म्हणजे ग्वाडलूपच्या ओढ्यात त्याला आपल्या जुन्या यजमानाचेच मूळ कुटुंब भेटले.

तिसरा प्रवासी आपल्याकडचा. काळा उंदीर, रॅटस रॅटस, हा मूळचा भारतीय उपखंडातला. व्यापारी गलबतांतून तो अरबस्तान, भूमध्य समुद्र, युरोप असा पसरत गेला आणि कोलंबसानंतरच्या युरोपी जहाजांबरोबर वेस्ट इंडीजला लागला. ऊस म्हणजे उंदराला मेजवानी. मळेवाले इतके टेकीला आले की 1872 मध्ये जमैकातल्या एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसे मागवून उसात सोडली. त्याची बातमी बेटाबेटांत पसरली आणि मुंगूस ग्वाडलूपलाही पोचले. मुंगूस दिवसा शिकार करते, काळा उंदीर संध्याकाळी आणि रात्री हिंडतो, शिवाय झाडावर चढतो. मुंगसांनी बेटावरचे पक्षी, सरडे आणि साप संपवत आणले, उंदीर राहिले. मळ्यांतून ते दलदलीतल्या जंगलात शिरले, जिथे माणूस क्वचितच जातो, आणि तिथल्या पाण्यात बायोम्फालारिया आधीपासून होती.

इथे गोष्ट थोडी थांबवून वैद्यकशास्त्राकडे जावे लागते, कारण उंदीर तिथे दुसऱ्याच दाराने आत आला.

मॅन्सन आणि सॅम्बन यांचे म्हणणे सगळ्यांना पटले नव्हते. सर्वांत मोठा विरोधक कैरोत होता: आर्थर लूस, त्या काळातला कृमिशास्त्रातला बहुधा सर्वांत जाणता माणूस. त्यांचा आग्रह असा की बिल्हार्झिया एकच. कुशीला काटा असलेली अंडी ही त्याच कृमीच्या मादीने घातलेली सदोष अंडी. आणि गोगलगायीची काही गरज नाही, अंड्यातून निघालेली अळी पाण्यातून थेट माणसाच्या कातडीत शिरते. हा आग्रह कुठून आला हे समजून घेण्यासारखे आहे. 1898 मध्ये काम करताना अंकुशकृमीच्या अळ्या असलेले पाणी लूस यांच्या हातावर सांडले, कातडी चुरचुरली आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच शौचात अंकुशकृमीची अंडी आली. कृमी कातडीतून शिरतात हे त्यांनी जगाला शिकवले होते, स्वतःच्या हातावर सिद्ध करून. म्हणून बिल्हार्झियाचेही तसेच असणार हे त्यांना उघड वाटत होते. ब्राझीलमधल्या बाहियात मनुएल आगुस्तो पिराजा दा सिल्वा यांनी 1908 मध्ये बाजूला काटा असलेल्या अंड्यांच्या कृमीचे बारकाईने वर्णन केले, तरी लूस बधले नाहीत. कातडीपुरते ते बरोबर होते. कातडीच्या आधी काय घडते, तिथे ते चुकले.

मधला दुवा सापडला जपानमध्ये. 1913 मध्ये मियाइरी आणि सुझुकी यांनी क्यूशू बेटावर भातखाचरांच्या पाण्यातल्या छोट्या गोगलगायींत तिथल्या बिल्हार्झियाची वाढ होते हे उंदरांवर प्रयोग करून दाखवले. रॉबर्ट लायपर हा ब्रिटिश कृमितज्ज्ञ तेव्हा पूर्वेकडे हाच शोध घेत होता. मग महायुद्ध सुरू झाले. जर्मन म्हणून लूस यांना इजिप्त सोडावे लागले, आणि ब्रिटिश फौज इजिप्तमध्ये उतरल्यामुळे 1915 मध्ये युद्धखात्याने लायपर यांना कैरोला पाठवले. शहराजवळच्या एल मार्ग गावातल्या कालव्यांतून त्यांनी गोगलगायी वेचल्या. त्यांतून निघणाऱ्या, शेपटीला फाटा असलेल्या अळ्या उंदरांच्या आणि इतर प्राण्यांच्या अंगात सोडल्या आणि कृमी मोठे होण्याची वाट पाहिली. बुलिनसमधून निघालेल्या अळ्यांनी टोकाला काटा असलेली अंडी दिली, चपट्या गोगलगायीतून निघालेल्यांनी बाजूला काटा असलेली. दोन गोगलगायी, दोन कृमी, दोन रोग. मॅन्सन यांची तेरा वर्षांपूर्वीची शंका खरी ठरली.

हा निकाल उंदरांच्या शरीरात लागला, हे विसरू नये. त्या दिवसापासून जगभरच्या प्रयोगशाळांत हा कृमी मुख्यतः उंदरांत वाढवला जातो. तरीही रानातल्या उंदराकडे कोणाचे नीट लक्ष गेले नाही आणि त्याला एक कारण होते. प्रयोगशाळेतले छोटे पांढरे उंदीर, म्हणजे घरउंदराची पाळीव जात, या कृमीला सहज बळी पडतात. पण प्रयोगशाळेतला मोठा पांढरा उंदीर, जो तपकिरी उंदराचा वंशज, तो कृमीला थारा देत नाही. अळ्या आत शिरतात, यकृतापर्यंत पोचतात आणि चौथ्या आठवड्याच्या सुमारास शरीर त्यांतल्या बहुतेकांना मारून टाकते. जे उरतात ते खुरटतात. यावरून समज पक्का झाला की मोठे उंदीर म्हणजे कृमीची बंद गल्ली. आफ्रिकेत आणि ब्राझीलमध्ये रानउंदरांत हा कृमी सापडल्याच्या नोंदी येत राहिल्या, पण माणसाच्या रोगाचा शिंतोडा उंदरावर उडाला, यापलीकडे त्यांचा अर्थ लावला गेला नाही. एका जातीच्या उंदरावरून साऱ्या उंदरांचा निवाडा करणे ही शास्त्रातली साधी चूक नव्हती. त्या एका चुकीमुळे कित्येक दशके दलदलीतल्या पाण्याकडे पाहिलेच गेले नाही.

ग्वाडलूपमध्ये हा समज मोडला. 1970 च्या दशकात फ्रेंच संशोधकांचा एक गट तिथे कामाला लागला. क्लोद कोंब हे पर्पिन्यों विद्यापीठातले परजीवीशास्त्रज्ञ, त्यांच्याबरोबर आंद्रे तेरों, आणि गोगलगायींच्या अभ्यासाला ज्याँ-पिएर प्वांतिए. ग्वाडलूप म्हणजे एका चिंचोळ्या खाडीने विभागलेली दोन बेटे. पश्चिमेचे बास-तेर डोंगराळ, ज्वालामुखीचे, ओढ्यांचे. पूर्वेचे ग्रांद-तेर सपाट, चुनखडीचे. किनाऱ्यावर खारफुटी, तिच्यामागे गोड्या पाण्याची दलदल आणि तिच्यात रुंद, पसरलेल्या मुळ्यांची झाडे. या दलदलीत माणसांची वस्ती नाही. तिथे लावलेल्या पिंजऱ्यांत काळे उंदीर सापडले आणि उंदरांची पोटे उघडली तेव्हा यकृताच्या शिरांत कृमींच्या जोड्या सापडल्या. काही ठिकाणी निम्म्याहून अधिक उंदरांत. गोगलगायी तपासल्या तर शेकड्यात एखाददुसरीच बाधलेली निघे. म्हणजे पाण्यातल्या मोजक्या गोगलगायींतून सुटणाऱ्या अळ्या उंदीर रोज गोळा करत होते. मुख्य म्हणजे काळ्या उंदरात कृमी खुरटत नव्हता. तो पूर्ण वाढत होता, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडत होती आणि पाण्यात फुटत होती. माणसाशिवाय हा संसार चालला होता.

एवढ्यावरही कोणी म्हणू शकले असते की उंदरांतला कृमी तोच, माणसाकडून आलेला, तात्पुरता वस्तीला. तेरों यांच्या पुढच्या प्रयोगाने हेही म्हणायची सोय उरली नाही. प्रयोगाचे साहित्य कुणालाही जमवता येईल असे होते: काचेच्या छोट्या कुप्या, स्वच्छ पाणी, घड्याळ आणि सूक्ष्मदर्शक. बाधलेली एकेक गोगलगाय एकेका कुपीत ठेवायची, दिवसरात्रीचा उजेड नैसर्गिक ठेवायचा, तासातासाला पाणी बदलायचे आणि त्या तासात किती अळ्या सुटल्या ते मोजायचे. या अळ्या अर्ध्या मिलिमीटरच्या, साध्या डोळ्यांना पाण्यातल्या धुळीच्या कणासारख्या दिसणाऱ्या. एका गोगलगायीतून दिवसाला शेकड्यांनी, कधी हजारांनी सुटतात. सुटल्यावर त्या काही खात नाहीत. शेपटी हलवत पाण्याच्या वरच्या थरात तरंगतात, आणि कातडी सापडली नाही तर दिवस-दोन दिवसांत संपतात. त्यांतही पहिल्या काही तासांनंतर त्यांची कातडी भेदण्याची ताकद ओसरू लागते. म्हणजे बाहेर पडण्याची वेळ हीच त्यांची सारी पुंजी.

वस्तीजवळच्या पाण्यातल्या, माणसांकडून बाधलेल्या गोगलगायींतून अळ्या सकाळी अकराच्या सुमारास सर्वाधिक सुटत. कपडे धुणे, आंघोळ, मुलांचे डुंबणे, शेतातून येता-जाता ओढा ओलांडणे, हे सारे दिवसाउजेडीचे. दलदलीतल्या, उंदरांकडून बाधलेल्या गोगलगायींतून अळ्या दुपारी चारच्या सुमारास सर्वाधिक सुटत. उंदीर संध्याकाळी बाहेर पडतो; चार वाजता सुटलेली अळी त्याच्या वाटेवर ताजी असते, अकराला सुटलेली तोवर थकलेली. जिथे माणूस आणि उंदीर दोघेही पाण्यात उतरत, तिथल्या अळ्यांची वेळ या दोहोंच्या मधली निघाली.

ही वेळ गोगलगायीच्या सवयीने ठरते की कृमीच्या रक्तात असते? तेरों आणि कोंब यांनी अकराच्या आणि चारच्या कृमींचा प्रयोगशाळेत संकर केला. संतती मधल्या वेळेला अळ्या सोडू लागली. म्हणजे वेळ वारशाने येते. हा शोधनिबंध 1988 मध्ये प्रसिद्ध झाला आणि परजीवींच्या उत्क्रांतीच्या अभ्यासात तो आजही आवर्जून सांगितला जातो. मला त्यातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट काळाची वाटते. कृमी बेटावर येऊन तेव्हा जेमतेम साडेतीनशे वर्षे झाली होती. त्याची एक पिढी काही महिन्यांची. वर्षाला दोन-तीन पिढ्या धरल्या तरी हजारभर पिढ्यांच्या आत, चार वाजता निघणाऱ्यांची संतती उरत गेली, अकराला निघणाऱ्यांची दलदलीत मरत गेली, आणि एक नवी सवय रुजली. निसर्गाची निवड लाखो वर्षांच्या मापाने चालते असे आपण शाळेत शिकतो. इथे ती साखरेच्या व्यापाराच्या मापाने चालली.

2016 मध्ये इंग्लंडच्या सँगर संस्थेतल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह आफ्रिकेतल्या आणि ग्वाडलूपच्या कृमींचे संपूर्ण जनुकसंच ताडून पाहिले. नव्या जगातला कृमी पश्चिम आफ्रिकेतल्या कृमीच्या सर्वांत जवळचा निघाला आणि दोघांची फारकत गुलामांच्या व्यापाराच्या काळाशी जुळणारी निघाली. ज्या माणसांची नावे जहाजांच्या वह्यांत लिहिलीच गेली नाहीत, ज्यांची गणती मालाच्या नगांत झाली, त्यांच्या प्रवासाची साक्ष कृमीच्या जनुकांत राहिली. आणखीही एक गोष्ट या अभ्यासातून पुढे आली. शिस्टोसोमा मॅन्सोनीचा सर्वांत जवळचा भाऊ म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या रानउंदरांचा कृमी, शिस्टोसोमा रोधैनी, ज्याचे वर्णन ब्रुंप्त यांनी 1931 मध्ये केले होते. हे दोघे सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले, माणूस आफ्रिकेत नदी-तळ्यांकाठी मासे धरू लागला त्या सुमारास. रोधैनीच्या अळ्या अंधारात सुटतात, कारण त्याचे उंदीर निशाचर. म्हणजे ग्वाडलूपमध्ये कृमीने जे केले ते त्याच्या कुळाला नवे नव्हते.

पुढे एकेका देशातून अशाच बातम्या येत गेल्या. ओमानच्या धोफार भागात, म्हणजे आपल्या कोकणासमोरच्या अरबी किनाऱ्यावर, याच कृमीच्या अळ्या रात्री सुटतात असे 2012 मध्ये प्रसिद्ध झाले आणि तिथेही बोट काळ्या उंदराकडे गेले. ब्राझीलमध्ये नेक्टोमिस नावाचा पाणउंदीर आहे. तो ओढ्याकाठीच राहतो, रोज पोहतो, आणि रिओ द जनेरो राज्यातल्या सुमिदोरो भागात वर्षानुवर्षे केलेल्या अभ्यासात तो कायम बाधलेला आढळत राहिला. सेनेगलची गोष्ट तर डोळ्यांसमोर घडलेली. सेनेगल नदीच्या मुखाशी 1986 मध्ये दियामा धरण झाले. समुद्राचे खारे पाणी अडले, उसाला आणि भाताला बारमाही गोडे पाणी मिळाले, आणि त्या पाण्यात बायोम्फालारिया बेसुमार वाढली. 1988 मध्ये रिशार-तोल या साखर कारखान्याच्या गावी आतड्याच्या बिल्हार्झियाचे पहिले रुग्ण सापडले आणि थोड्याच वर्षांत ती आफ्रिकेतल्या सर्वांत तीव्र साथींपैकी एक झाली. मग संशोधकांनी कालव्याकाठचे उंदीर पकडले. त्यांच्यातही कृमी होता. अलीकडे त्याच भागातल्या उंदरांत गुरांचा कृमी आणि माणसांचा कृमी यांचा संकर झालेलाही सापडला आहे. माणूस, गुरे आणि उंदीर एकाच कालव्यावर येतात. तिथे कृमींचीही सरमिसळ होते.

ग्वाडलूपमध्ये माणसांतला रोग जवळपास गेला, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे, कारण ते मोठे यश आहे. नळाचे पाणी आले, संडास आले, औषधे आली. गोगलगायींवरही उपाय सापडला आणि तोही अनपेक्षित. मेलॅनॉइड्स ट्युबरक्युलेटा ही लांब निमुळत्या शंखाची गोगलगाय आपल्याकडच्या तळ्यांत आणि ओढ्यांत मुबलक असते. ती कॅरिबियनमध्ये पोचली आणि बायोम्फालारियाला अनेक पाणवठ्यांवरून हुसकू लागली. शेजारच्या मार्टिनिक बेटावर तिचा उपयोग मुद्दाम करून बिल्हार्झियाची ठाणी मोडण्यात आली. पण ग्वाडलूपच्या दलदलीत कृमी राहिला, उंदरांत. तिथे औषधाची गोळी पोचत नाही आणि संडास बांधून काही फरक पडत नाही.

आपल्याकडचा दुवा दूरचा नाही. भारतात बिल्हार्झिया नाही असे वैद्यकाच्या पुस्तकांत लिहिलेले असे. 1952 मध्ये डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात लघवीतल्या बिल्हार्झियाचे ठाणे शोधून काढले आणि पुढे फेरिसिया टेन्युइस नावाची, दगडाला चिकटून राहणारी इवलीशी टोपीसारख्या शंखाची गोगलगाय त्या कृमीची यजमान असल्याचे दाखवले. ज्या गोगलगायीवर जगात कुणाचा संशय नव्हता, ती कोकणातल्या एका गावात निघाली. आणि उंदराबद्दल म्हणायचे तर भारतात शिस्टोसोमा इन्कॉग्निटम नावाचा या कुळातला कृमी आहे. चँडलर यांना 1926 मध्ये बंगालमध्ये त्याची अंडी माणसाच्या शौचात दिसली आणि त्यांनी तो माणसाचा समजला. पुढे तो डुकरांचा कृमी निघाला, आणि रानउंदरांतही सापडला. लिम्निया ही आपल्या भातखाचरांतली नेहमीची गोगलगाय त्याची यजमान आहे. भातखाचर, गोगलगाय आणि उंदीर हे त्रिकूट ओळखायला कॅरिबियनला जायची गरज नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2030 पर्यंत बिल्हार्झिया हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरू नये असे लक्ष्य ठेवले आहे. या रोगावरची प्राझिक्वांटेलची गोळी शाळेशाळांत वाटली जाते, आणि वाटलीच पाहिजे. तिने लाखो मुलांची यकृते वाचली आहेत. पण माणसातला कृमी मारून मोहीम थांबवायची आणि पाण्याकाठचा उंदीर तपासायचा नाही, ही लायपर यांच्यानंतरच्या काळात झालेलीच चूक पुन्हा करणे आहे. ब्राझीलमध्ये, सेनेगलमध्ये, ग्वाडलूपमध्ये कृमी उंदरांतही असल्याचे दिसलेले आहे. म्हणून आपल्याकडच्या कृमिशास्त्राच्या आणि पशुवैद्यकाच्या तरुण अभ्यासकांना माझी विनंती आहे: कोकणातल्या ओढ्यांवर गोगलगायी वेचायला जाल तेव्हा उंदरांचे पिंजरेही बरोबर न्या, आणि कुपीतल्या अळ्या मोजायला संध्याकाळपर्यंत, जमल्यास रात्रीपर्यंत थांबा.